धूम्रपान

तंबाखूच्या वाळविलेल्या व संस्कारित पानांचा धूर तोंडाने ओढून तो श्वसनमार्गात घेण्याच्या सवयीस ‘धूम्रपान’ असे म्हणतात. विडी, सिगारेट, चिरूट, चिलीम व हुक्का (गुडगुडी) ही त्याची प्रमुख साधने होत. तंबाखू चुन्याबरोबर मळून खाणे, तपकीर ओढणे किंवा भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांस लावणे यांत धूर नसल्याने या सवयींचा समावेश धूम्रपानात होत नाही. तथापि महाराष्ट्रात त्या धूम्रपानापेक्षाही अधिक प्रचलित आहेत आणि एक सवय सोडणारा मनुष्य पुष्कळदा दुसरीकडे वळतो. त्यामुळे त्यांचा विचार अजिबात टाळता येत नाही. २०१६-१७ मधील जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. संबंध भारतात हीच प्रमाणे अनुक्रमे १०.७ व २१.४ टक्के होती.

इतिहास : आयुर्वेदात ‘धूमपान’ हा शब्द औषधी उपचार या अर्थाने येतो. सुगंधी व औषधी द्रव्यांची वर्ती करून तिचा धूर घेण्याचा विधी चरकसंहितेत सांगितला आहे. धूम्रपानाचे समर्थक कधीकधी त्याचा आधार घेतात. परंतु त्याचा तंबाखूशी काही संबंध नाही. तंबाखू ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून १४९२ मध्ये कोलंबस तेथे पोहोचल्यानंतरच ती इतर जगास माहीत झाली. भारतात ती पोर्तुगीजांनी आणली. सतराव्या शतकाच्या प्रारंभी असद बेग याने विजापूरहून तंबाखू व हुक्का अकबराच्या दरबारी नेल्याची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. दख्खनमध्ये तंबाखू त्यापूर्वीच रुळली होती, असे यावरून दिसते. ही वस्तू अपरिचित असून तिचे गुणदोष ग्रंथांत सांगितलेले नाहीत, या कारणास्तव दरबारच्या वैद्याने तिला हरकत घेतली होती. दरबारी मंडळींनी ती मानली नाही. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने धूम्रपानास बंदी करणारा हुकूम काढला, पण त्याचाही टिकाऊ परिणाम झाला नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्येच तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. तिची गतही याहून वेगळी झाली नाही.

सिगारेटचा खरा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने सिगारेटी वळणे शक्य झाल्यानंतर झाला. भारतातील श्रमजीवी वर्गात मात्र विडीच अधिक चालली. टेंभुर्णीच्या (तेंदूच्या) पानात तंबाखूची चुरी घालून ती हाताने वळतात व दोऱ्याने बांधतात.

धुरातील घटक : तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक पदार्थ असून त्यांपैकी सुमारे सत्तर पदार्थ कर्करोगजनक आहेत. निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड हे त्यांतील महत्त्वाचे घटक होत. व्यसन लागते ते निकोटिनामुळे. धूर आत घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते व तेथे सुखसंवेदना उत्पन्न करणारी द्रव्ये मुक्त होतात. त्याच वेळी अधिवृक्क ग्रंथीही (मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अंतःस्रावी ग्रंथीही) उद्दीपित होऊन नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतो. हा परिणाम लवकर ओसरतो व मेंदू पुन्हा तशीच मात्रा मागू लागतो. विडी ओढल्याने ‘तरतरी’ येते असे जे म्हणतात, ती बहुतांशी आधीची मात्रा उतरल्यामुळे आलेली अस्वस्थता तात्पुरती दूर झाल्याची जाणीव असते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तारुणाशी (हीमोग्लोबिनाशी) ऑक्सिजनापेक्षा कितीतरी अधिक सहजतेने संयोग पावतो. परिणामी रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. डांबर श्वासनलिकांच्या आतील थरावर साचत जाते. धूळ व कफ बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका त्यामुळे निकामी होतात. धूम्रपान करणाऱ्यास सकाळी येणारा खोकला हा त्याचाच परिणाम होय.

शरीरावरील दुष्परिणाम : फुप्फुसाचा कर्करोग व धूम्रपान यांचा संबंध १९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत विंडर व ग्रेअम यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने १९६२ मध्ये आणि अमेरिकेच्या सर्जन जनरल या अधिकाऱ्याने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांनंतर या संबंधाविषयी वैज्ञानिक शंका उरली नाही. धूम्रपान करणाऱ्यास फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा संभव न करणाऱ्याच्या पंधरा ते तीस पट असतो. तोंड, घसा, स्वरयंत्र, ग्रसिका (अन्ननलिका), अग्निपिंड व मूत्राशय यांचे कर्करोगही धूम्रपानामुळे वाढतात. मूत्राशयापर्यंत धूर पोहोचत नाही. परंतु रक्तात शोषली गेलेली कर्करोगजनक द्रव्ये मूत्रावाटे उत्सर्जित होताना तेथे साचून राहतात.

कर्करोगाची भीती लोकांस अधिक वाटते. तथापि हृदय व रक्तवाहिन्यांवरील परिणामांनी होणारी हानी तिच्याहून कमी नाही. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिण्या कठीण व अरुंद होतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते व हृद्‌विकाराचा झटका येण्याचा संभव दोन ते चार पट होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असेच घडून पक्षाघात होतो. ‘दिवसाला एखादीच’ ओढणाऱ्यास काही अपाय होत नाही, हा समज चुकीचा आहे. दिवसाकाठी एकच सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीसही हृद्‌रोहिणीविकाराचा जो जादा धोका संभवतो, तो वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. बर्गर रोगात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात, बोटे काळी पडतात व अखेर पाय कापावा लागतो. हा रोग बहुधा तरुण वा मध्यमवयीन धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत, आपल्याकडे विशेषतः विडी ओढणाऱ्यांत, आढळतो. धूम्रपान पूर्णपणे थांबविणे हाच तो रोखण्याचा खात्रीचा उपाय आहे. ते चालू ठेवल्यास इतर उपचारांचा फारसा उपयोग होत नाही.

श्वसन तंत्राच्या विकारांत चिरकारी (दीर्घकालीन) श्वासनलिकाशोथ व वातस्फीती हे प्रमुख आहेत. वातस्फीतीत फुप्फुसातील वायुकोशांच्या भित्ती फाटून कोश एकमेकांत मिसळतात. हा बिघाड कायमचा असतो; रोगी प्रथम चढ चढताना, मग सपाटीवर चालताना व शेवटी अंथरुणात पडल्यापडल्याही धापा टाकू लागतो. भारतात याच्या जोडीला क्षयरोगाचा विचार करावा लागतो. चेन्नई व तिच्या परिसरात केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे चौपट आढळले. पाश्चात्त्य ग्रंथांत धूम्रपानाचा रोग म्हणून कर्करोग व हृद्‌विकार यांचे वर्णन येते. येथे मात्र ग्रामीण भागातील विडी ओढणारा क्षयाने दगावण्याचा संभवही मोठा असतो. यांखेरीज मधुमेह, जठरव्रण, मोतीबिंदू व पुरुषांतील लैंगिक दुर्बलता यांच्याशी धूम्रपानाचा संबंध आहे. गर्भवतीने धूम्रपान केल्यास मूल कमी वजनाचे जन्मते व गर्भपाताचा धोका वाढतो.

विडीविषयीचा गैरसमज : विडीत तंबाखू थोडी, वेष्टन झाडाच्या पानाचे व कागद मुळीच नाही, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य असते, असा समज खेडोपाडी रूढ आहे. वस्तुस्थिती उलट आहे. विडीत सिगारेटच्या सुमारे पाव हिस्सा तंबाखू असली, तरी टेंभुर्णीचे पान सच्छिद्र नसल्याने ती विझू नये यासाठी अधिक वेळा व अधिक जोराने झुरके घ्यावे लागतात. साहजिकच डांबर, निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड यांचे शरीरात जाणारे प्रमाण सिगारेटच्या तुलनेने कमी तर नसतेच, पुष्कळदा अधिक असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या अभ्यासानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरीने सुमारे ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी व सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी घटते. हुक्क्यातील पाण्याने धूर ‘धुतला’ जातो हा समजही असाच निराधार आहे. पाण्यामुळे धूर थंड होतो इतकेच.

धूम्रपान न करणाऱ्यांस होणारा अपाय : जळत्या टोकापासून निघणारा व ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला धूर जवळपासच्या माणसांच्या श्वासात जातो. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पत्नींनाही फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो, असे जपानमधील हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखविले. एक-दोन खोल्यांच्या घरात, जेथे चुलीचा धूर आधीच असतो, तेथे लहान मुलांना दमा, न्यूमोनिया व कानाचे विकार यांचा त्रास यामुळे वाढतो.

धूम्रपानत्यागाचे फायदे : धूम्रपानाने झालेली हानी भरून निघत नाही, म्हणून म्हातारपणी ते सोडून काय उपयोग, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो खरा नाही. शेवटची विडी विझविल्यानंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके कमी होऊ लागतात. बारा तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण सामान्य पातळीवर येते. दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अवधीत रक्ताभिसरण व फुप्फुसांचे कार्य सुधारते. पक्ष्माभिका पुन्हा काम करू लागतात. त्यामुळे प्रारंभीचे काही दिवस खोकला व कफ उलट वाढल्यासारखा वाटतो आणि पुष्कळजण ‘विडी सोडल्यामुळेच खोकला झाला’ असे समजून पुन्हा ओढू लागतात. वस्तुतः ते फुप्फुसे स्वच्छ होऊ लागल्याचे चिन्ह असते. एका वर्षात हृद्‌रोहिणीविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांनंतर फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा संभव ओढत राहणाऱ्याच्या तुलनेने सुमारे निम्मा होतो व पंधरा वर्षांनंतर हृद्‌विकाराचा धोका कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तीइतका होतो. वातस्फीतीत फाटलेले वायुकोश मात्र पुन्हा जुळत नाहीत. त्या रोगात पुढील ऱ्हासाचा वेग मंदावणे एवढाच लाभ असतो, पण तोही थोडा नव्हे.

डॉल व त्यांचे सहकारी यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेऊन २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या बाबतीत महत्त्वाचे आहेत. आजन्म सिगारेट ओढणारे सरासरीने १० वर्षे आधी मरण पावतात. वयाच्या तिसाव्या वर्षी ती सोडल्यास ही जवळजवळ सर्व १० वर्षे परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सोडल्यास ९, पन्नासाव्या वर्षी ६ व साठाव्या वर्षी सोडल्यास ३ वर्षे मिळतात.

त्यागातील अडचणी व उपाय : निकोटीन बंद झाल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, चित्त एकाग्र न होणे, भूक वाढणे, बद्धकोष्ठ ही लक्षणे दिसतात. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक तीव्र असून दोन ते चार आठवड्यांत बहुतेक नाहीशी होतात. विडीशिवाय शौचास साफ होत नाही, ही ग्रामीण भागातील सार्वत्रिक तक्रार निकोटिनाच्या आतड्यांवरील परिणामामुळे निर्माण झालेली असते. सकाळी कोमट पाणी व आहारात पालेभाज्या वाढविल्याने ती दूर होते. काही वजन वाढते, परंतु त्यापासून होणारा अपाय धूम्रपानाच्या अपायाच्या मानाने नगण्य आहे. कसलीही मदत न घेता केलेल्या प्रयत्नांपैकी वर्षभर टिकणारे प्रयत्न शंभरात तीन ते पाचच असतात. म्हणून एखादा प्रयत्न फसल्यास तो स्वभावातील दुबळेपणा मानणे अन्यायाचे ठरते. एकापेक्षा अधिक प्रयत्नांनंतर धूम्रपान सुटणे हीच सामान्य गोष्ट आहे. वैद्याने दिलेला थोडक्यात पण स्पष्ट सल्ला, समुपदेशन, निकोटीनयुक्त चघळगोळ्या व पट्ट्या, तसेच वैद्यकीय देखरेखीखाली दिली जाणारी ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन ही औषधे यांमुळे यशाचे प्रमाण वाढते. भारत सरकारने २०१६ पासून १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशनाची सोय केली असून २०१८ पासून तो क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवर छापला जाऊ लागला.

कायदेशीर उपाय : १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक झाले, विडी त्यातून वगळण्यात आली होती. २००३ च्या कायद्याने ही उणीव दूर होऊन सर्व तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातींवर व अल्पवयीनांस त्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर अंमलात आले व २००९ पासून वेष्टनांवर चित्रमय इशारे दिसू लागले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली व २०२० मध्ये सुट्या विड्या-सिगारेटींच्या विक्रीस मनाई केली. विद्युत् सिगारेटींवर २०१९ पासून संपूर्ण भारतात बंदी आहे. या नियमांची अंमलबजावणी शहरांतील कचेऱ्या, रुग्णालये व आगगाड्यांत बऱ्यापैकी झाली. खेड्यातील पार, चावडी व टपरी येथपर्यंत ती क्वचितच पोहोचते.

राळेगणसिद्धी येथील तंबाखूबंदी : कायदा जेथे पोहोचत नाही तेथे गावाने स्वतः काय करता येते, याचे महाराष्ट्रातील एक परिचित उदाहरण म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव होय. अवर्षणप्रवण भागातील या गावात दारूच्या अनेक भट्ट्या होत्या. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेले अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार व श्रमदानाने पाणलोट विकासाची कामे झाली, तसेच दारूबंदी करण्यात आली. त्यानंतर गावात तंबाखू, विडी व सिगारेट यांची विक्री बंद करण्याचे ठरले. तरुण मंडळाने गावातील दुकानांतून हा सर्व माल आणून तो होळीत टाकून जाळला. अमंगलाचे दहन हा होळीचा परंपरागत अर्थ असल्याने या कृतीचा आशय गावास समजावून सांगावा लागला नाही. पुढे नशाबंदी हे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान यांच्या जोडीने या ग्रामविकासाच्या पंचसूत्रीतील एक सूत्र ठरले व शासनाच्या आदर्श गाव योजनेतही ते स्वीकारले गेले.

वैद्यकीय दृष्टीने या उपक्रमातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. निकोटिनाची ओढ काही मिनिटेच तीव्र असते व दुकान, काडेपेटी, दुसऱ्याने पुढे केलेली विडी अशा ओळखीच्या खुणांनी ती जागृत होते. पाहुण्यापुढे विडीचे बंडल सरकविणे हा जेथे शिष्टाचार समजला जातो, तेथे एकट्यादुकट्याचा निश्चय टिकणे कठीण असते. गावातील दुकानांतून ही वस्तूच नाहीशी झाली म्हणजे ओढ लागणे व ती भागविणे यांच्या मध्ये काही मैलांचे अंतर पडते. दुसरे असे, की बंदी केवळ विडीवर नव्हती, खाण्याच्या तंबाखूवरही होती; त्यामुळे विडी टाकून चुना-तंबाखू धरण्याची पळवाट अरुंद झाली. अर्थात पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील इतर गावांत तंबाखू मिळतच राहते, म्हणून विक्रीबंदी म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. तिचा मोठा लाभ अद्याप सवय न लागलेल्या मुलांना होतो. राळेगणसिद्धीच्या दारूबंदीच्या काळात मद्यपींना खांबाला बांधून मारण्यात आले होते व त्यावर बरीच टीका झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. निकोटिनाचे व्यसन हा आजार आहे, असे मानणाऱ्या वैद्यकात अशा शिक्षेस स्थान नाही. माल जाळणे व माणसास मारणे यांतील फरक या उदाहरणाचे अनुकरण करू पाहणाऱ्या गावांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

विडी उद्योगाचा प्रश्न : याच जिल्ह्याच्या उत्तर भागात संगमनेर हे विडी वळण्याचे जुने केंद्र आहे. खुद्द अहिल्यानगर शहर, शेजारच्या नासिक जिल्ह्यातील सिन्नर, तसेच सोलापूर, गोंदिया व भंडारा येथेही हा धंदा वाढला. सीमेवरील निपाणी परिसरात विडीच्या तंबाखूची लागवड होते. तेथील उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी मोठे आंदोलन केले होते. विड्या वळणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. त्या घरी बसून, मांडीवरील सुपात पाने व चुरी घेऊन काम करतात. मजुरी हजारी हिशेबाने मिळते व सदोष म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात. तंबाखूची धूळ दिवसभर श्वासात व त्वचेवर गेल्याने खोकला, डोळ्यांची जळजळ, मळमळ व डोकेदुखी यांचा त्रास त्यांना होतो. म्हणजे एकही झुरका न घेता तंबाखूचा उपद्रव सोसणारा हा वर्ग आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामाच्या अटी आणि १९७६ च्या कायद्याने कल्याणनिधी यांची तरतूद झाली. तथापि दिवसाच्या मजुरीवर चालणाऱ्या घरास विडीचा खप घटणे हा आरोग्याचा लाभ वाटण्यापूर्वी पोटाचा प्रश्न वाटतो. सिगारेटवर भारी कर व विडीवर हलका कर हे धोरण दीर्घकाळ याच कारणास्तव चालत आले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटवर ४० टक्के दर ठरविताना विडीवरील दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. स्वस्त विडीचा भार ती ओढणाऱ्या गरीब घरांवरच पडतो आणि पुष्कळदा ओढणारा व वळणारी ही एकाच घरातील माणसे असतात.